यूएसआय, आयडीएसए की पुणे? मराठवाड्यातील संरक्षणशास्त्राच्या अभ्यासकासाठी तुलनात्मक आढावा

संरक्षणशास्त्र किंवा सैनिकशास्त्र हा विषय घेऊन पदवीपर्यंत पोहोचलेल्या मराठवाड्यातील विद्यार्थ्यापुढे एक अडचण हमखास उभी राहते. पाठ्यपुस्तक कौटिल्य, प्रशियन युद्धचिंतक क्लाउझेविट्झ आणि १९६२ ते १९७१ या काळातील युद्धे यांच्यापाशी थांबते. त्यापुढचे सगळे, म्हणजे ड्रोनपासून हिंद महासागरातील नाविक हालचालींपर्यंतचे, कुठल्या ना कुठल्या अभ्याससंस्थेच्या वर्षभराच्या कामातूनच वेचून घ्यावे लागते. हीच अडचण विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकाची आहे, आणि नियतकालिकांसाठी मोजकीच तरतूद हाती असलेल्या महाविद्यालयीन ग्रंथपालाचीही आहे. अशा वेळी तीन नावे समोर येतात: दिल्लीतील युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया म्हणजे यूएसआय, दिल्लीतीलच मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था, जिला अभ्यासक अजूनही आयडीएसए म्हणतात, आणि आपल्याला त्यातल्या त्यात जवळचे पुणे. या तिन्हींची तुलना कीर्तीवरून न करता त्या एका वर्षात काय निर्माण करतात आणि त्यातले लातूरला किंवा हिंगोलीला बसून काय हाती लागते, यावरून केली, तर निर्णय पुष्कळ सोपा होतो.

वयाच्या बाबतीत यूएसआयला देशात तोड नाही. १८७० मध्ये कर्नल चार्ल्स मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने ती सिमल्यात स्थापन झाली, स्वातंत्र्यानंतर दिल्लीत आली आणि आज राव तुला राम मार्गावरील स्वतःच्या वास्तूत आहे. तिच्याहून जुनी अशी याच प्रकारची संस्था लंडनची. ती १८३१ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या प्रेरणेने उभी राहिली. आणि हा ड्यूक म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणभूमीवर शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली, एवढे आपल्याकडच्या वाचकाला जाता जाता सांगायला हरकत नाही. आयडीएसए ११ नोव्हेंबर १९६५ रोजी, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, स्थापन झाली. चीनच्या युद्धाने दिलेला धक्का ताजा होता, पाकिस्तानशी युद्ध नुकतेच थांबले होते, आणि संरक्षण हा विषय केवळ गणवेशातल्या लोकांवर न सोपवता त्याचा नागरी, धोरणात्मक अभ्यास व्हावा, ही त्यामागची निकड होती. या दोन जन्मकथांतच दोघींच्या वार्षिक कामातील फरकाचे मूळ आहे. एक संस्था अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांसाठी काढली. दुसरी शासनाने धोरणासाठी काढली.

यूएसआयचे वर्ष

यूएसआयच्या वर्षाला ठरलेली लय आहे. तिचे त्रैमासिक जर्नल १८७१ पासून निघत आहे. सुवर्णपदक निबंधस्पर्धाही तितकीच जुनी असून ती सशस्त्र दलांतील अधिकाऱ्यांसाठी आहे. कमी सेवा झालेल्या तरुण अधिकाऱ्यांचा गट त्यात वेगळा ठेवलेला असतो. डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेजची प्रवेशपरीक्षा आणि सैन्यातील बढतीच्या परीक्षा यांसाठी संस्था पत्रद्वारा अभ्यासक्रम चालवते, आणि अनेक अधिकाऱ्यांची या संस्थेशी पहिली ओळख याच निमित्ताने होते. त्याशिवाय स्मृतिव्याख्याने, साधारणपणे नोव्हेंबरमध्ये होणारा राष्ट्रीय सुरक्षा परिसंवाद, त्यातील निबंधांचा खंड, स्ट्रॅटेजिक इयर बुक आणि फील्ड मार्शल करिअप्पा, ॲडमिरल कटारी अशांच्या नावे असलेल्या अध्यासनांवरील संशोधन असा वर्षाचा क्रम असतो. संस्थेचे दीर्घकाळ सचिव राहिलेल्या कर्नल प्यारा लाल यांच्या नावाचे ग्रंथालय हे जुन्या लष्करी ग्रंथांसाठी ओळखले जाते.

मॅकग्रेगर पदकाचा उल्लेख वेगळा करावा लागेल. १८८८ मध्ये सुरू झालेले हे पदक मूळचे लष्करी टेहळणीसाठी. १८९० मध्ये ते फ्रान्सिस यंगहजबंडला मिळाले, आणि स्वतंत्र भारतात तिबेटमधील टेहळणीसाठी १९४९ मध्ये झोरावर चंद बक्षी यांना. पुढे त्याची व्याप्ती वाढवून गिर्यारोहण, सागरसफर, ध्रुवीय मोहिमा यांचाही त्यात समावेश झाला. मात्र हे सगळे सेवेतील माणसांसाठी आहे, आणि आपला वाचक नागरी विद्यार्थी असेल तर या परंपरेकडे त्याला आदराने, पण बाहेरूनच पाहावे लागते.

एक दार मात्र त्यालाही उघडे आहे, आणि माझ्या मते मराठवाड्यासाठी यूएसआयचे खरे मोल तिथेच आहे. ते म्हणजे लष्करी इतिहास. संस्थेने २००० मध्ये सशस्त्र दलांच्या इतिहासासाठी स्वतंत्र संशोधन केंद्र सुरू केले. पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीत या केंद्राने परराष्ट्र मंत्रालयाच्या साहाय्याने भारतीय सैनिकांच्या सहभागावर मोठा प्रकल्प राबवला, आणि २०१८ मध्ये फ्रान्समधील व्हिलेर-गिसलँ येथे भारतीय स्मारक उभे राहिले ते त्याच कामाच्या ओघात. लेफ्टनंट जनरल मेनेझिस यांच्या स्मृत्यर्थ होणारी लष्करी इतिहासाची निबंधस्पर्धा सर्वांसाठी खुली आहे; तिथे गणवेशाची अट नाही.

आता आपल्या भागाकडे पाहावे. हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यातील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या, छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई इथे होत्या, आणि त्या फौजेतील पलटणींचा वारसा पुढे कुमाऊँ रेजिमेंटपर्यंत जातो. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातील एक मूर्ती हैदराबादच्या घोडदळाची आहे, आणि मराठवाडा तेव्हा त्याच राज्याचा भाग होता. वैजापूरजवळचे पालखेड, उदगीर, राक्षसभुवन ही नावे शाळेतल्या इतिहासात येतात, पण तिथल्या भूप्रदेशाचा, पाण्याचा, रसदीचा विचार करून कोणी लढाई मांडत नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल शाबूत ताब्यात घेतला नसता, तर पुढच्या पाच दिवसांचे वेळापत्रक तसेच राहिले असते का, हा प्रश्न मुक्तिसंग्रामाच्या आपल्या लेखनात जवळपास विचारलाच जात नाही; तिथे सत्याग्रह आहे, सीमेवरची शिबिरे आहेत, रझाकारांचे अत्याचार आहेत, पण ब्रिगेड, पूल आणि पावसाळी रस्ते नाहीत. ज्या विद्यार्थ्याला असे काही लिहायचे आहे, त्याच्यासाठी यूएसआय हाच योग्य पत्ता आहे. आयडीएसएकडे त्याच्यासाठी फारसे काही नाही.

आयडीएसएचे वर्ष

आयडीएसएच्या कामाला मात्र असे ऋतू नाहीत. एखाद्या सीमेवर तणाव निर्माण झाला, शेजारच्या देशात सत्तापालट झाला किंवा संरक्षण अंदाजपत्रक मांडले गेले, की थोड्याच दिवसांत संस्थेच्या संशोधकाचे टिपण संकेतस्थळावर येते. त्यावरून पुढे सविस्तर इश्यू ब्रीफ, मग प्रबंधिका (मोनोग्राफ) आणि कधी पुस्तक अशी चढती भाजणी दिसते. ‘स्ट्रॅटेजिक ॲनालिसिस’ आणि ‘जर्नल ऑफ डिफेन्स स्टडीज’ ही तिची दोन प्रमुख नियतकालिके. पहिले परदेशी प्रकाशनगृहामार्फत निघत असल्याने महाग आहे, तर दुसरे संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते. ‘एशियन स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ हा वार्षिक ग्रंथ, फेलो मंडळींचे परिसंवाद, परदेशी संस्थांशी होणाऱ्या चर्चा आणि नागरी व निमलष्करी सेवांतील अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण हे वर्षभर चालू असते. संस्थेच्या जडणघडणीत के. सुब्रह्मण्यम यांचा वाटा सर्वांत मोठा. कारगिलनंतरच्या आढावा समितीचे अध्यक्षही तेच होते, आणि तरुण अभ्यासकांना संस्था त्यांच्या नावाचा पुरस्कार देते.

परभणीतल्या वाचकाच्या दृष्टीने इथली सर्वांत मोठी सोय म्हणजे बहुतेक साहित्य फुकट आणि लगेच मिळते. तज्ज्ञांना प्रश्न विचारण्याचा एक विभागही या संस्थेने चालवला आणि त्यात स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांचे कितीतरी प्रश्न सापडतात. त्यातली जुनी उत्तरे आजही वाचण्यासारखी आहेत. प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेतील ‘संरक्षण व सामरिक अभ्यास’ या विषयाची किंवा यूपीएससीच्या अंतर्गत सुरक्षेच्या घटकाची तयारी करणाऱ्याने दुसरीकडे शोधाशोध करण्याआधी हे संपवावे. संस्थेत अंतर्वासिता, म्हणजे इंटर्नशिप, करता येते. मात्र दिल्लीत राहण्याचा खर्च हा आपल्याकडच्या विद्यार्थ्यापुढचा अडसर आहे, आणि तो संस्थेच्या कीर्तीने कमी होत नाही.

या सोयीला दुसरी बाजू आहे. आयडीएसए स्वायत्त असली तरी तिचा खर्च संरक्षण मंत्रालय उचलते आणि संरक्षणमंत्री तिचे अध्यक्ष असतात. लेखातील मते वैयक्तिक असल्याचे लेखाखाली लिहिलेले असते, आणि ते खरेही असते. पण सरकारी धोरणावरील टीका इथे बहुधा सूचनेच्या रूपात येते, हे लक्षात ठेवून वाचावे. यूएसआयच्या जर्नलमध्ये निवृत्त अधिकारी कधीकधी अधिक रोखठोक लिहितात, विशेषतः शस्त्रखरेदीतील दिरंगाई किंवा तिन्ही दलांमधील समन्वय हा विषय असला म्हणजे. उलट तिथला लेख कित्येकदा अनुभवावर उभा असतो आणि संदर्भांच्या बाबतीत सैल असतो. पीएच.डी.च्या प्रबंधात उद्धृत करायचे झाले तर आयडीएसएचा लेख मार्गदर्शकाच्या नजरेतून सहज पार पडतो. यूएसआयच्या लेखासाठी आधार दुसरीकडे शोधावा लागू शकतो. मात्र पलटणीच्या पातळीवर एखादा निर्णय प्रत्यक्षात कसा उतरतो हे समजून घ्यायचे असेल, तर तो सैल लेखच उपयोगी पडतो.

पुणे आणि अंतराचा हिशेब

पुण्याची बाजू थोडक्यात सांगता येईल. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिक अभ्यासाचा जुना, स्वतंत्र विभाग आहे, जिथे पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. करता येते. १९९२ पासून पुण्यात सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड स्ट्रॅटेजिक स्टडीज ही संस्थाही काम करते. दिल्लीच्या दोन्ही संस्था पदवी देण्यासाठी नाहीत, हा मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही. त्यामुळे ज्याला या विषयात प्राध्यापकी करायची आहे त्याच्यापुढे खरे तर दिल्ली की पुणे असा पर्यायच नाही: पदवी पुण्याहून किंवा आपल्या विद्यापीठातून घ्यावी, वाचन दिल्लीचे करावे. निवृत्त सेनाधिकाऱ्यांची मोठी वस्ती असल्यामुळे पुण्यातील परिसंवादांत अनुभवी वक्त्यांची वाण पडत नाही, आणि लातूर किंवा बीडहून रात्रीच्या गाडीने जाऊन दुसऱ्या दिवशी परतणे शक्य असते.

दिल्लीचा परिसंवाद ऐकायचा तर नांदेडहून निघणारी सचखंड एक्स्प्रेस परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर असे थांबे घेत जाते, पण जाण्यायेण्यात आणि मुक्कामात आठवड्याचा बराच भाग निघून जातो. दोन्ही संस्था आपली अनेक व्याख्याने यूट्यूबवर ठेवतात, तेव्हा केवळ ऐकण्यासाठी हा खर्च करू नये. ग्रंथालयात बसून जुनी कागदपत्रे पाहायची असतील किंवा परिसंवादात स्वतःचा निबंध सादर करायचा असेल, तरच जावे, आणि प्रवेशाची परवानगी आधी पत्राने मागून घ्यावी. यूएसआयचे सभासदत्व प्रामुख्याने सेनादलांतील आणि वरिष्ठ शासकीय सेवांतील अधिकाऱ्यांसाठी असल्याने नागरी अभ्यासकाने महाविद्यालयाच्या लेटरहेडवर विनंती केलेली बरी.

भाषेचा प्रश्न तिन्हीकडे सारखाच आहे. बहुतांश काम इंग्रजीत होते. आयडीएसएच्या संकेतस्थळाला हिंदी बाजू आहे, पण ती इंग्रजीइतकी भरलेली नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने सुरुवात आयडीएसएच्या छोट्या टिपणांपासून करावी, कारण त्यांतील वाक्ये आटोपशीर असतात आणि घटना वृत्तपत्रांतून आधीच माहीत झालेली असते. यूएसआयच्या जर्नलमधील लष्करी संक्षेपांची सवय व्हायला वेळ लागतो.

एनडीएची तयारी करणाऱ्या मुलांनी, मग ती छत्रपती संभाजीनगरच्या एसपीआय या सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्थेत असोत की घरी, या तिन्हींच्या मागे लागू नये. लेखी परीक्षेला गणित लागते. मुलाखतीच्या आधी चालू घडामोडींसाठी आयडीएसएची टिपणे वाचली तरी पुष्कळ झाले. याउलट अधिकारी झालेल्या आणि बढतीच्या किंवा स्टाफ कॉलेजच्या परीक्षेकडे पाहणाऱ्या माजी विद्यार्थ्याने सरळ यूएसआयकडे जावे; त्याच्यासाठी दुसरा पर्याय सुचवण्यात अर्थ नाही.

राहता राहिला ग्रंथपाल. ‘स्ट्रॅटेजिक ॲनालिसिस’ची वर्गणी एका लहान महाविद्यालयाला झेपणारी नाही, आणि आयडीएसएचे उरलेले साहित्य विनामूल्य असताना तिच्यावर पैसे घालण्याची गरजही नाही. छापील प्रतीसाठी यूएसआयचे जर्नल घ्यावे, कारण ते त्रैमासिक आहे, त्याचे अंक वर्षानुवर्षे संदर्भाला येतात आणि लष्करी इतिहासाचा लेख त्यात अधूनमधून मिळतो. आयडीएसएच्या विनामूल्य प्रबंधिकांपैकी अभ्यासक्रमाशी जुळणाऱ्या निवडून त्यांच्या छापील प्रती बांधून ठेवाव्यात. नेटवर्क नसलेल्या दिवशी त्याच कामी येतात. उरलेल्या रकमेतून दोन-तीन विद्यार्थ्यांना पुण्यातील एखाद्या परिसंवादाला पाठवावे, आणि जो मुलगा किंवा मुलगी नळदुर्ग, हिंगोली किंवा असईवर लिहायला तयार असेल, त्याचे किंवा तिचे नाव त्या यादीत सर्वांत वर घालावे.