आयएसटीक्यूबी फाउंडेशन ४.० : स्क्रम टीममधल्या टेस्टरने द्यावी का?

सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टेस्टर्ससाठी आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय संस्थेची सर्टिफाइड टेस्टर फाउंडेशन लेव्हल ही पहिली परीक्षा, म्हणजे आपण सगळे जिला नुसतं ‘आयएसटीक्यूबी’ म्हणतो ती परीक्षा, मी यंदा दिली. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक का कापला ते सांगतेच, पण आधी चार का दिले ते. पुण्यात या परीक्षेबद्दल जे ऐकायला मिळतं, त्यातलं बरंचसं जुन्या अभ्यासक्रमाबद्दलचं असतं.

मी हिंजवडीत विम्याच्या सॉफ्टवेअर प्रॉडक्टवर काम करते. आमच्याकडे पूर्वी टेस्टिंगचा वेगळा विभाग होता. टेस्ट इंजिनिअर, सीनियर, लीड, मॅनेजर अशी पुढची वाट दिसत असायची. मग विभाग मोडला आणि आम्ही स्क्रम टीम्समध्ये, म्हणजे छोट्या टप्प्यांत मिळून काम करणाऱ्या लहान टीम्समध्ये, विखुरलो. स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीत तीनच जबाबदाऱ्या आहेत : प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा), स्क्रम मास्टर (टीमला स्क्रमची पद्धत पाळायला मदत करणारा) आणि डेव्हलपर्स. टेस्टरची वेगळी जागा त्यात नाही. टीममध्ये टेस्टर मी एकटीच, आणि अप्रेझलला प्रश्न ठरलेला : “या वर्षी किती बग काढलेस?” बग मोजून कुणी पुढे जात नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पुढे जायचं तर स्टोरी, म्हणजे ग्राहकाला काय हवं ते थोडक्यात सांगणारी नोंद, कोडिंगला जाण्याआधी आपलं म्हणणं ऐकलं जायला हवं. त्याला अनुभव तर लागतोच, पण तो चारचौघांत मांडायची रीतही लागते. ती मला इथे मिळाली.

४.० हा अभ्यासक्रम २०२३ मध्ये आला. त्याआधी अजाइलसाठी (स्क्रम हा त्याचाच एक प्रकार) २०१४ पासून वेगळी परीक्षा होती, ‘अजाइल टेस्टर’ नावाची. आता अजाइलचा बराच भाग फाउंडेशनमध्येच आहे : शिफ्ट लेफ्ट (टेस्टिंग लवकर सुरू करणं), टेस्टच्या प्रकारांची मांडणी करणारे टेस्ट पिरॅमिड आणि टेस्टिंग क्वाड्रंट्स, रेट्रोस्पेक्टिव्ह (झालेल्या कामाचा टीमने घेतलेला आढावा), युजर स्टोरी सगळ्यांनी मिळून लिहिणं, स्वीकृतीच्या निकषांवरून आधीच टेस्ट ठरवणं. एकूण सहा प्रकरणं. शिकवायला किमान ११३५ मिनिटं धरली आहेत, त्यातली ३९० एकट्या चौथ्या प्रकरणाला, म्हणजे टेस्ट अ‍ॅनालिसिस आणि डिझाइनला. हे प्रकरण नीट केलंत तर फी वसूल.

एक उदाहरण देते. रिफाइनमेंटला, म्हणजे पुढच्या स्टोरीज टीमने चर्चा करून स्पष्ट करायच्या बैठकीला, एक स्टोरी आली : ग्राहकाला पॉलिसीचं नूतनीकरण अ‍ॅपवरून करता यावं. वाचायला एका ओळीची. मी उठून व्हाइटबोर्डवर डिसिजन टेबल काढलं, म्हणजे अटींच्या सगळ्या जुळण्यांचा तक्ता. अटी तीन : मुदत उलटून ग्रेस पीरियड चालू आहे का, एखादा क्लेम अडकलेला आहे का, कुटुंबात नवीन सदस्य जोडायचा आहे का. तीन अटी, प्रत्येकीला हो किंवा नाही, म्हणजे आठ रकाने. स्टोरीत उत्तर होतं फक्त तीन रकान्यांचं. क्लेम अडकलेला असताना ग्रेस पीरियडमध्ये नवीन सदस्य जोडला तर काय, हे प्रॉडक्ट ओनरलाही सांगता येईना. मग ग्रेस पीरियडच्या ३० दिवसांवर आलो. बाउंडरी व्हॅल्यूच्या तीन मूल्यांच्या पद्धतीने (मर्यादा, तिच्या अलीकडचं आणि पलीकडचं मूल्य) २९, ३० आणि ३१ असे आकडे लिहिले. बॅकएंडवाला (सर्व्हरची बाजू लिहिणारा) तिसावा दिवस धरत होता, अ‍ॅपवाला धरत नव्हता. एक ओळही कोड लिहिला गेला नव्हता आणि स्टोरी दोन भागांत तुटली. त्यानंतर प्रॉडक्ट ओनर रिफाइनमेंटच्या आदल्या दिवशीच मला स्टोरी पाठवायला लागले. माझ्या कामात खरा फरक पडला तो इथून.

परीक्षा ४० प्रश्नांची, ६० मिनिटांची. पास व्हायला २६ बरोबर लागतात, चुकीला गुण कापत नाहीत. चौथ्या आणि पाचव्या प्रकरणावर मिळून निम्मे प्रश्न असतात, त्यामुळे वेळ तिथे घाला. परीक्षेची भाषा आपली मातृभाषा नसेल तर २५ टक्के जादा वेळेची तरतूद आहे, म्हणजे ७५ मिनिटं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी नोंदणी करतानाच हे विचारून घ्या आणि अजिबात संकोच करू नका. प्रश्नांची भाषा घोटाळून टाकणारी असते, ती जादा पंधरा मिनिटं कामी येतात.

अभ्यासक्रमाची पीडीएफ आणि सराव प्रश्नपत्रिका आयएसटीक्यूबीच्या साइटवर फुकट आहेत. अप्पा बळवंत चौकात पुस्तक शोधत फिरायची गरज नाही. क्लासचीही बहुतेकांना नाही. आमची एक ज्युनिअर कर्वे रस्त्यावरच्या एका वीकेंड क्लासला गेली होती. तिथे पहिल्याच शनिवारी हातात प्रश्नांचा डम्प, म्हणजे तयार प्रश्नोत्तरांचा गठ्ठा, दिला आणि म्हणाले, “एवढं पाठ करा, बास.” याची मला मनापासून चीड येते. ती मुलगी हुशार आहे, घरून पैसे मागून आली होती, आणि तिला डिसिजन टेबल काय असतं हे कुणी फळ्यावर काढूनसुद्धा दाखवलं नाही. शेवटी लंच अवरमध्ये आम्ही दोघींनी मिळून चौथं प्रकरण आमच्याच स्टोरीज घेऊन केलं.

आता कापलेला तारा. टूल्सच्या सहाव्या प्रकरणाला ११३५ पैकी फक्त २० मिनिटं आहेत आणि परीक्षेत दोन प्रश्न. अभ्यासक्रम कुठल्याही एका टूलला बांधलेला नाही हे समजू शकते, पण हिंजवडी असो की खराडी, इंटरव्ह्यूला बसलं की सिलेनियम किंवा प्लेराइट, पोस्टमनवर एपीआय (प्रोग्राम एकमेकांशी बोलतात तो दुवा), गिट आणि जेनकिन्स अशा टूल्सवरच प्रश्नांची सरबत्ती होते. सर्टिफिकेटमुळे एचआरच्या चाळणीतून रेझ्युमे पुढे सरकेल, टेक्निकल राउंडमध्ये ते वाचवणार नाही. ‘होल टीम अप्रोच’बद्दल, म्हणजे गुणवत्ता ही सगळ्या टीमची जबाबदारी याबद्दल, अभ्यासक्रम छान बोलतो, टेस्टरने आपलं ज्ञान टीमला द्यावं म्हणतो. पण हे काम अप्रेझलच्या फॉर्मवर कसं दाखवायचं ते त्यात कुठेच नाही. मी माझ्यापुरता मार्ग काढला आहे : रिफाइनमेंटमध्ये विचारलेल्या ज्या प्रश्नामुळे स्टोरी बदलली, तो प्रश्न जिराच्या (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) तिकिटावर कॉमेंट म्हणून त्याच दिवशी टाकायचा. वर्षअखेर मॅनेजरसमोर बगच्या आकड्याऐवजी ती यादी ठेवायची.

दोन-तीन वर्षांचा मॅन्युअल, म्हणजे हाताने टेस्टिंग करायचा, अनुभव असेल आणि टीममध्ये एकटे टेस्टर असाल, तर जरूर द्या. ऑटोमेशन (प्रोग्राम लिहून टेस्ट चालवणं) रोज करता आणि रिफाइनमेंटमध्ये तुमचं ऐकलं जातं, तर फी वाचवा, नुसती पीडीएफ वाचा. अगदी फ्रेशर असाल तर आधी एक प्रोग्रामिंग भाषा आणि एपीआय टेस्टिंग हाताखालून जाऊ द्या, मग याकडे वळा. सर्टिफिकेटला मुदत नसते, त्यामुळे घाई करायचं कारण नाही. पुढची अ‍ॅडव्हान्स्ड लेव्हल द्यायची असेल तर मात्र फाउंडेशन आधी लागतंच.