पुरात बुडालेली मोटर, मालवणकडचा क्रँक: अकरा महिन्यांचा वापर

बोटीची मोटर चालू आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल.

आमचं गाव कोल्हापूरजवळ नदीकाठचं, प्रयाग चिखलीच्या अलीकडं. मंडळाच्या बोटीला ४० हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटर, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी. जुलै २०२१ च्या पुरात ती बुडाली, तीही कुलूपबंद खोलीत! किल्लीवाला सासरवाडीला आणि पाणी रातोरात आत. माणसं काढायची मोटर स्वतःच गाळात, यावरून गावात अजून चेष्टा होते.

बुडालेली मोटर बाहेर काढली की त्याच दिवशी प्लग काढायचे, दोरी ओढून पाणी बाहेर काढायचं, गोड्या पाण्यानं धुवायची, सिलिंडरमध्ये ऑइल सोडायचं आणि चालू करायची. आम्ही तिला दीड महिन्यानं हात लावला. तोवर फ्लायव्हील जाम. पुढं तीन वर्षं ती गोठ्यात पोत्याखाली पडून होती.

मागच्या वर्षी मालवणकडच्या एका मच्छीमाराकडं याच मॉडेलची, पण आमच्याहून बरीच जुनी मोटर निघाली. २६ हजारांत उचलली आणि टेम्पोत टाकून गगनबावड्यानं वर आणली. दिसायला भंगारच. हेडचे बोल्ट मिठानं असे धरलेले की दोन तुटलेच. पाण्याच्या वाटांत खाऱ्याचे खडे. पण क्रँककेस, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याची (क्रँकची) पेटी, उघडली आणि उद्यमनगरातले आमचे सिलिंडर बोअरिंगवाले अण्णा म्हणाले, "आरं, ह्यो क्रँक तर नव्यागत हाय की!" रोज चालणारी मोटर, रोज पेट्रोलमधून ऑइल मिळणार, आतलं लोखंड गंजेल कसं? आमच्या मोटरीचं नेमकं उलटं. ब्लॉक, हेड, खालचा गिअरबॉक्स झकास. आतल्या बेअरिंगच्या सुया मात्र गंजून एकमेकींना चिकटलेल्या. समुद्रानं तिला बाहेरून खाल्लं होतं, पुरानं आमचीला आतून. दोन्ही मिळून एक होणार हे तिथंच दिसलं.

मालवणचा क्रँक सरळ आहे का बघायला दोन व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल गेज लावला तर काटा जेमतेम ३ शतांश मिलिमीटर हलला. हा क्रँक तुकडे प्रेस करून जोडलेला असतो, त्यामुळं वाकडा निघाला असता तर सगळा खेळ तिथंच संपला असता. फ्लायव्हील, स्टेटर, सीडीआय, कॉइल हा ठिणगी पाडणारा सगळा इलेक्ट्रिकचा संच मालवणच्या जुन्या मोटरीचाच घेतला. आमचा पाण्यात भिजलेला आणि अर्धं ह्याचं अर्धं त्याचं केलं तर ठिणगीच्या टायमिंगचा भरवसा नाही. आमचा ब्लॉक अर्धा मिलिमीटर बोअर केला, ८० चा ८०.५० झाला, आणि पिस्टन-रिंगा नव्या घातल्या.

एक चूक करता करता राहिलो. आमच्या क्रँककेसच्या एका अर्ध्या भागावर ओरखडे होते, म्हटलं जुन्याचा भाग बसवू, बोल्ट तर तंतोतंत जुळतायत. अण्णांनी हातातून काढून घेतला. दोन्ही भाग एकत्र आवळून मगच त्यात बेअरिंगची भोकं बोअर करतात, त्यामुळं ती जोडी फोडायची नसते. मध्ये गॅस्केटही नसतं, नुसता सीलंटचा पातळ थर. जाड लावला तर तो आत बेअरिंगवर ओघळतो.

पहिल्यांदा चालू केली ती अंगणात, तोंड कापलेल्या, पाणी भरलेल्या २०० लिटरच्या बॅरलमध्ये, न्यूट्रलला. चौथ्या दोरीला उठली. धूर एवढा की शेजारच्या काकू विचारत आल्या, काय पेटलं? पहिले दहा तास १० लिटर पेट्रोलला ४०० मिली ऑइल, मग २००. ऑइल टीसीडब्ल्यू-३ (पाण्यानं थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकचं) असंच लिहिलेलं घ्या. मोटरसायकलचं टूटी (टू-स्ट्रोक ऑइल) टाकून 'चालतंय की' म्हणणारे भेटतील, पण त्या ऑइलची राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते.

आता माझा शहाणपणा. एवढा खर्च केला, पण मोटर थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या पंपाचा इम्पेलर (रबरी पाकळ्यांचं चाक) जुन्या मोटरीतलाच बसवला. दिसायला बरा होता आणि हजारभर रुपये वाचत होते. तिसऱ्या आठवड्यात शिवाजी पुलाच्या वरच्या अंगाला, ऐन मधल्या धारेत, मागून पडणारी पाण्याची पिचकारी बारीक झाली आणि थांबली. मला वाटलं जलपर्णी अडकली असेल. मोटर तिरकी करून बघितली, जाळी साफ. तोवर रंग तापल्याचा वास यायला लागला. बंद केली आणि वल्ही मारत काठाला आलो. खालचा पाय उतरवला तर इम्पेलरच्या सहा पाकळ्यांपैकी एक गायब, उरलेल्या एका बाजूला वाकून लाकडागत कडक. तुटलेली पाकळी कुठं गेली याचा शोध दोन तास चालला. शेवटी पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं वरून हवा मारली तेव्हा पाण्याच्या नळीतून चिंचोक्याएवढा रबराचा तुकडा टुणकन बाहेर पडला. तो तसाच राहिला असता तर नवा इम्पेलर घालूनही पिस्टन गेले असते. त्यानंतर जुन्या मोटरीतलं रबर म्हणून जे जे होतं, सील, डायफ्राम, पेट्रोलची नळी, पेट्रोल चढवायचा हाताचा रबरी बल्ब, सगळं फेकलं. नळी तर इथेनॉलच्या पेट्रोलनं आतून सोलत होती. आता काम झालं की नळी काढून मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठून राहत नाही.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका. ३९ च्या पुढं पाणी गेलं की आमच्याकडचा रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. चार दिवस वैरण, दुधाचे कॅन, एक बाळंतीण, दोन शेळ्या अशी ने-आण केली. दोरी तिसऱ्या झटक्याच्या वर एकदाही ओढावी लागली नाही. जलपर्णीचा मात्र वैताग आहे. पंख्याला गुंडाळली की न्यूट्रल, मग रिव्हर्सला एक झटका. नाही सुटली तर मोटर बंद करून कोयता. पेट्रोल पिते भरपूर. फुल थ्रॉटलला २४ लिटरची टाकी दीड तासही पुरत नाही.

एकूण खर्च ५४ हजार, त्यात सात हजार माझ्या चुकांचे. नव्याला दोन लाखांच्या वर मोजावे लागले असते. अंदाजे ७० तास चालवल्यावर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वरच्या सिलिंडरला ११८ आणि खालच्याला ११२ पीएसआय. अण्णा म्हणतात, दहा टक्क्यांच्या आत फरक आहे, झोप काढ.

पण मागच्या रविवारी गिअर ऑइल बदलायला घेतलं तर चहागत दुधाळ निघालं. म्हणजे पंख्याच्या शाफ्टचं सील पाणी घेतंय. ते सील आमच्याच मोटरीचं, २०२१ च्या आधीचं. 'आपलंच आहे, चांगलंच असणार' म्हणून बदललं नव्हतं. नवं मागवलंय, शुक्रवारपर्यंत येईल. तोवर मोटर गोठ्यात स्टँडवर, आणि किल्ली आता माझ्याकडं.