पंखा फिरत नाही: मीटर घ्यावा की हेडलाइटचा जुना बल्ब?

धोपाव्याला फेरीबोटीच्या रांगेत गाडी उभी असते, तापमानाचा काटा हळूहळू वर सरकू लागतो आणि तेव्हा रेडिएटरमागच्या पंख्याची आठवण होते. हायवेला साठ-सत्तरच्या वेगात समोरचा वाराच निभावून नेतो. रांगेत, बाजारात, नाहीतर कुंभार्ली घाटात दुसऱ्या गिअरला सगळी मदार त्या पंख्यावर. तो फिरेनासा झाला तर दोष शोधायला हातात काय असावं, असं अलीकडे दोघा-तिघांनी विचारलं. साधा मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांपासून मिळतो. वायरमनच्या पिशवीत मात्र दोन वायरी जोडलेला बल्ब असतो. मी दोन्ही वापरतो, पण जुनी गाडी किनाऱ्यावर राहत असेल तर आधी बल्ब हातात घ्या म्हणेन.

त्याचं कारण इथल्या हवेत आहे. फ्यूज उडणं, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) मरणं, उंदराने वायर कुरतडणं हे सगळीकडेच होतं. इथे त्यावर खारं वारं. पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तसं कपलरच्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडाच्या, आत तांबं हिरवं पडत जातं आणि बाहेरून प्लास्टिक मात्र ठीकठाक दिसतं. वायरीच्या पुष्कळ धाग्यांपैकी एखाद-दुसराच शिल्लक राहतो. अशा वायरीला मीटर लावलात तर तो खुशाल 12.4 व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. मोटरला मात्र सहा-सात अँपिअर लागतात, मोठ्या पंख्याला त्याहून जास्त. सात अँपिअर जाताना वाटेत अर्धा ओहम अडला तर साडेतीन व्होल्ट तिथेच जिरतात. हा अर्धा ओहम स्वस्त मीटरवर मोजू म्हटलं तरी कळत नाही. त्याच्या लीडची टोकं एकमेकांना लावली तरी जवळपास तेवढंच दाखवतो.

यात मी स्वतः फसलोय. आमच्या जुन्या गाडीचा पंखा दमल्यासारखा फिरत होता. मी मोटरचा कपलर काढला, पिनांवर मीटर धरला, साडेबाराच्या जवळ आकडा आला. म्हणजे सप्लाय चोख, मोटर गेली. चिपळूणहून मोटर आणली, अर्धा रविवार खर्चून बसवली, आणि नवीही तश्शीच रडत फिरू लागली. शेवटी ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्याने कपलर हातात घेतला नि म्हणाला, "काका, उघड्या पिनांवर मोजलात तर बाराच दाखवणार. लोड कुठे दिलात?" त्याने हेडलाइटचा एक काढून टाकलेला बल्ब लावला. तो पेटला, पण समईच्या वातीएवढा. बॅटरीखालच्या अर्थच्या (म्हणजे बॉडीला जोडलेल्या मायनसच्या) बोल्टाशी वायर नुसती हलवली तर थिम्बल, वायरीच्या टोकाचं धातूचं कडं, हातात आलं, आत हिरवट भुगा. नवं थिम्बल, बोल्टाखालची जागा पॉलिश पेपरने घासून वर थोडं व्हॅसलीन, काम संपलं. जुनी मोटर अजून माळ्यावर आहे, ठणठणीत.

बल्ब कुठला, याला महत्त्व आहे. दुकानात स्क्रू-ड्रायव्हरसारखा टेस्ट लॅम्प मिळतो, त्यातला बल्ब साधारण पाच वॅटचा, म्हणजे जेमतेम 0.4 अँपिअर. फ्यूज बघायला तो पुरतो, पण कळकलेल्या वायरीतूनही झकास पेटतो. इंडिकेटरचा 21 वॅटचा बरा. सगळ्यांत उत्तम म्हणजे हेडलाइटचा 60/55 वॅटचा, एक फिलामेंट जळलेला आणि दुसरं शाबूत असलेला. तो साडेचार-पाच अँपिअर ओढतो, जवळपास पंख्याइतका. असे बल्ब गॅरेजात फुकट मिळतात. तापतो मात्र भयंकर. बंपरवर ठेवू नका, चिऱ्यावर ठेवा.

चाचणी अशी. मोटरचा कपलर सोडा, वायरिंगच्या दोन पिनांमध्ये बल्ब लावा, चावी ऑन करा आणि पंखा लागण्याची वेळ आणा. थर्मोस्विचच्या (पाणी तापलं की पंखा लावणाऱ्या स्विचच्या) दोन वायरी एकमेकींना जोडल्या की ती येते. एकच वायर असेल तर ती बॉडीला टेकवायची. बल्ब लख्ख पेटला तर वायरिंग निर्दोष, दोष मोटरमध्ये. बहुधा कार्बन, म्हणजे मोटरच्या आत करंट पोचवणारे ब्रश, झिजलेले असतात. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर मोटर फिरू लागली तर ती खूणच समजा. बल्ब मंद असेल तर त्याचं पॉझिटिव्हकडचं टोक काढून सरळ बॅटरीच्या प्लसला लावा. आता लख्ख झाला तर घाण पॉझिटिव्हच्या वाटेवर: फ्यूजबॉक्स, रिलेच्या पिना, कपलर. तरीही मंद असेल तर अर्थची बाजू बघा. काही जुन्या गाड्यांत स्विच किंवा रिले अर्थच्याच बाजूला असतो, तेव्हा लगेच बॉडीच्या बोल्टावर खापर फोडू नका. बल्ब अजिबात पेटला नाही तर आधी फ्यूज, मग रिले. पिना सारख्याच असतील तर हॉर्नचा रिले काढून इथे लावून बघायला मिनिटही लागत नाही.

मीटरचा मान कुठे, तर एमपीएफआय गाडीत, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या. तिथे पंखा कधी लावायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो, तापमानाच्या सेन्सरवरून. त्या बारीक वायरींना हेडलाइटचा बल्ब चुकूनही लावायचा नाही. ईसीयूच्या आतला ट्रान्झिस्टर जाईल आणि पंख्याच्या दुरुस्तीचं बिल भलतीकडे पोचेल. सेन्सर मीटरनेच मोजायचा. बऱ्याच गाड्यांत तो थंड असताना दोन-अडीच हजार ओहमच्या आसपास आणि 80 अंशांना तीनशेच्या आसपास येतो. त्याआधी एक फुकटची चाचणी: इंजिन चालू ठेवून सेन्सरचा कपलर काढा. पुष्कळ ईसीयू घाबरून लगेच पंखा लावतात. तो फिरला तर मोटर, रिले, वायरिंग सगळं ठीक.

मीटरने पंख्याची वायरही तपासता येते, फक्त कपलर न काढता. पंखा चालू असताना एक लीड बॅटरीच्या मायनसला, दुसरी कपलरच्या मागून मोटरच्या अर्थच्या पिनेला. 0.2-0.3 व्होल्टपर्यंत चालेल, एक व्होल्ट आला तर वाट कळकलीय. बल्ब 'मंद' सांगतो, मीटर किती ते सांगतो. एक करू नका: साध्या मीटरच्या दहा अँपिअरच्या खाचेतून पंख्याचा करंट मोजणं. मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त ओढते आणि मीटरच खराब होऊ शकतो.

थर्मोस्विचला दोन्ही चालतात. काढून गरम पाण्यात धरायचा, त्यावर छापलेल्या अंशांना जोडला जातो का बघायचं. किनाऱ्यावर पाणी शंभराला उकळतं, त्यामुळे शंकेला जागा नाही. महाबळेश्वरात तेच पाणी पंचाण्णवच्या आसपास उकळेल.

तिसरा मार्ग आपल्याकडे फार लाडका: डॅशबोर्डखाली डायरेक्ट स्विच. घरी पोचण्यापुरता ठीक, तोही रिले आणि फ्यूज घालून. नुसत्या छोट्या बटणातून सात अँपिअर नेलेत तर बटण वितळतं. पण कायमचा ठेवला तर एक दिवस तो लावायला विसरता आणि इंजिन तापून हेडगॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) जाते, किंवा बंद करायला विसरता आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते.

तेव्हा कार्ब्युरेटरची गाडी असेल तर आज बल्ब मागून आणा, मीटर पुढच्या पगाराला घ्या. एमपीएफआय असेल तर मीटर आधी, पण बल्ब त्याच डब्यात ठेवा. आणि हात घालण्यापूर्वी बॅटरीची मायनस काढा, निदान चावी तरी खिशात ठेवा; काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा अचानक फिरू लागतो.