जुन्या अमेरिकन बेसबॉलमधला कोण भारी, टाय कॉब की ट्रिस स्पीकर?
दोघंही आउटफिल्डर (मैदानाच्या लांबच्या भागात फिल्डिंग करणारे), दोघंही १९२८ मध्ये फिलाडेल्फियाकडून शेवटचे खेळले. बॅटिंगला कॉबच भारी, करिअर अ‍ॅव्हरेज .३६६ (दर हजार प्रयत्नांत ३६६ हिट्स) म्हणजे काय चेष्टा नाही राव, पण १९१६ ला .३८६ मारून स्पीकरनेच त्याच्याकडून बॅटिंगचा किताब हिसकावला आणि स्पीकरचे ७९२ डबल्स (थेट दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके) अजून कुणाला गाठता आलेले नाहीत. फिल्डिंगला तर तुलनाच नको. स्पीकर पठ्ठ्या सेंटर फिल्डला (आउटफिल्डच्या मधल्या भागात) इतका पुढे उभा राहायचा की जवळजवळ सेकंड बेसच्या मागेच, आणि बॉल डोक्यावरून गेला की वळून पळत जाऊन पकडायचा! बेस चोरण्यात (फटका बसलेला नसतानाच पुढच्या बेसवर पळण्यात) कॉब वस्ताद, मान्य. पण वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल? कॉब तीनदा गेला, तिन्हीदा हरला. स्पीकरने तीन जिंकल्या, १९२० ची तर स्वतः मॅनेजर असताना. मी तर आधी स्पीकरलाच घेईन, कॉबचा तिरसटपणा कोण सांभाळणार!