अण्णांच्या बंडीतला जीपीएस ट्रॅकर आणि दाराची बेल: नऊ महिने वापरल्यानंतर

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, ७८ वर्षांचे. ३४ वर्षं एसटीत कंडक्टर होते. तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. दुपारी जेवले की नाही हे त्यांना सांगता येत नाही, पण पहाटे चारला जाग येते आणि ड्युटी आठवते. नव्या आठवणी साठवणाऱ्या मेंदूच्या भागाला हा आजार सहसा आधी गाठतो, जुनं मात्र बरेच दिवस शाबूत राहतं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. आमच्या घरात त्याचा अर्थ एवढाच, की अंधारात कडी निघते आणि अण्णा पुण्यातल्या धनकवडीहून स्वारगेटच्या एसटी स्टँडकडे चालू लागतात.

दुसऱ्यांदा असं झालं, तेव्हा आम्ही दोन वस्तू घेतल्या: जीपीएस ट्रॅकर आणि दाराचा अलार्म. घेण्याआधी मी खूप शोधलं होतं, पण रोज वापरणाऱ्या घरचा अनुभव कुठे वाचायला मिळाला नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी ट्रॅकर. पहिल्यांदा घड्याळासारखा मनगटावर बांधायचा घेतला आणि ते चुकलं. अण्णांच्या डाव्या मनगटावर एचएमटीचं घड्याळ वर्षानुवर्षं आहे. दुसरं घड्याळ "हे कुणाचं?" म्हणून काढून ठेवायचे, कधी उशीखाली, कधी तुळशीच्या कुंडीत. आठवड्यात परत केलं आणि काडेपेटीएवढा, खिशात ठेवायचा ट्रॅकर घेतला, ३,८०० रुपयांना. अण्णा कायम आतला खिसा असलेली बंडी घालतात, पैसे तिथेच ठेवायची जुनी सवय. त्या खिशाला मी बटण लावलं. खिशातली वस्तू ते जपतात, फेकत नाहीत. अंगावर नवं काही चढवण्यापेक्षा माणसाच्या जुन्या सवयीत ते यंत्र बसवा, हे आम्हाला पैसे घालवून कळलं. एकदा बंडीबरोबर तो साबणाच्या पाण्यातही गेला होता, धुणं भिजवताना हाताला लागला म्हणून वाचला.

सिमचं आधी विचारून घ्या. आमच्या ट्रॅकरला टूजी, म्हणजे जुन्या पिढीचं मोबाईल नेटवर्क लागतं, त्यामुळे ज्या कंपनीचं टूजी नाही तिचं सिम चालत नाही. दुकानदार हे बोलला नव्हता. शिवाय २८ दिवसांचा रिचार्ज संपला की ट्रॅकर मुका होतो, आणि तो मुका झालाय हे कुणी सांगत नाही. ते काम आता नवऱ्याकडे, फोनमध्ये तारीख लावून.

घराच्या आत त्याच्यावर भरवसा ठेवू नका. स्लॅबखाली उपग्रहाचा सिग्नल नीट येत नाही, मग तो मोबाईलच्या टॉवरवरून अंदाज बांधतो. दुसऱ्याच दिवशी मी कामावर असताना अण्णा हायवेच्या पलीकडे दिसले. मी रिक्षा करून धावत आले, तर ते खाटेवर झोपलेले होते. 'हद्द ओलांडली' हा इशारा आधी ५० मीटरवर लावला होता, दिवसातून दहादा खोटा वाजायचा. २०० मीटर केला, तेव्हा थांबला. पण खरा इशारासुद्धा आमच्याकडे चार-सात मिनिटं उशिरा येतो. दर मिनिटाला जागा कळवायला लावलं तर बॅटरी संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, दहा मिनिटांवर ठेवलं तर दोन दिवस जाते. दहा मिनिटांत अण्णा अर्धा किलोमीटर सहज जातात. म्हणजे ट्रॅकर माणसाला अडवत नाही, शोधायचं अंतर कमी करतो. त्यावरचं मदतीचं बटण आमच्या कामाचं नाही. आपण हरवलोय असं अण्णांना वाटतच नाही, ते ड्युटीवर असतात. चोरून आवाज ऐकायची सोयही त्यात आहे, ती आम्ही बंद ठेवलीय. त्यांच्या बोलण्यावर कान ठेवायचा हक्क आम्हाला नाही.

दाराचा अलार्म म्हणजे दोन तुकडे, एक चुंबक आणि एक सेन्सर, एक चौकटीला, एक दाराला. लांब झाले की वाजतो. पहिला ३५० रुपयांचा होता, दारावरच सायरन. पहिल्याच पहाटे अण्णा कानांवर हात ठेवून थरथरत उभे राहिले. तो सायरन मी पुन्हा कधीच लावला नाही. मग त्यातलाच 'टिंग-टाँग' आवाज लावला. एसटीत डबल बेल म्हणजे गाडी सोडा. अण्णांनी ती ऐकली, "चला" म्हणाले आणि जिना उतरले. शेवटी बिनतारी बेल घेतली: सेन्सर दाराला, आवाज आमच्या उशाशी. त्यांना काही ऐकू येत नाही, मी मात्र ते पहिल्या मजल्यावर पोचायच्या आत उठलेली असते. नऊ महिन्यांत सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू हीच. बाहेरून कुलूप लावा असं बऱ्याच जणांनी सुचवलं. आग लागली, ते पडले, तर? नाही लावलं.

चौथ्या महिन्यात पाहुणे होते, सारखी ये-जा, म्हणून बेल बंद केली आणि रात्री चालू करायची राहिली. पहाटे पावणेपाचला जाग आली, तर खाट रिकामी. फोनवर शेवटची जागा पद्मावती. दीर स्कूटर घेऊन निघाले, नवऱ्याने ११२ लावला. हरवल्याची तक्रार द्यायला २४ तास थांबावं लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. मी ठिपक्याकडे बघत बसले होते. पुढचा ठिपका आला लक्ष्मीनारायण टॉकीजपाशी. दीर पोचले, तेव्हा अण्णा स्वारगेटच्या एसटी स्टँडवर बाकावर चहा घेत होते. एका तरुण कंडक्टरने त्यांना सांगितलं होतं, "अण्णा, तुमची गाडी ब्रेकडाऊन आहे, दुसरी लावतोय, तोवर बसा." त्या मुलाला कुणी हे शिकवलं असेल? मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं. मी तोवर "अण्णा, तुम्ही रिटायर झालात" एवढंच सांगत आले होते, आणि ते रोज नव्याने ऐकल्यासारखे हादरायचे.

आता दाराच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत पाटी आहे: 'आज ऑफ'. अण्णा वाचतात, कधी दोनदा वाचतात, आणि परत येऊन बसतात. खोटं लिहिलंय याची मला सुरुवातीला टोचणी होती. त्यांचा चेहरा बघून ती गेली.

संध्याकाळी साडेपाचनंतर "घरी जायचंय" सुरू होतं, घरातच बसून. तेव्हा दिवे लवकर लावते आणि त्यांची कातडी कॅश बॅग पुढे ठेवते. ते सुटे पैसे मोजतात, चळती लावतात, मी वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद, म्हणून वही पुढे करते. तासभर जातो. "सूनबाई, हिशेब चोख आहे, चेकिंग येऊ दे" असं म्हणाले की समजायचं, आज रात्र बरी जाणार.

बेलचा एक उपयोग विकणाऱ्यालाही माहीत नसेल. रात्री ती किती वाजली हे मी कॅलेंडरवर लिहिते. सहाव्या महिन्यात रोज एकदा-दोनदा वाजणारी बेल अचानक सात वेळा वाजली, दुसऱ्या रात्रीही तेच. आजार वाढला असं वाटलं. डॉक्टरांनी कॅलेंडर पाहिलं आणि आधी लघवी तपासायला सांगितली. संसर्ग निघाला, औषधाने पाच-सहा दिवसांत अण्णा पुन्हा पहिल्यासारखे झाले. एक-दोन दिवसांत एवढा फरक पडला तर ते नेहमीच्या आजाराचं वाढणं समजू नका, असं त्यांनी निक्षून सांगितलं. संसर्ग, बद्धकोष्ठता, नवीन गोळी, हे आधी बघायचं.

यंत्राशिवाय दोन गोष्टी रोज करतो. सकाळी कपडे घातले की अण्णांचा एक फोटो काढते, म्हणजे आज अंगात काय होतं हे घाबरलेल्या डोक्याने आठवावं लागत नाही. आणि बंडीच्या आत कापडी पट्टीवर दोन फोन नंबर शिवलेत, त्यांना चार्जिंग लागत नाही. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ फ्रिजवर लिहून ठेवलीय.

परवा नणंदेचा फोन आला, तिच्या सासूबाईही आता रात्री दार उघडू लागल्यात, ट्रॅकर कुठला घेऊ म्हणून विचारत होती. मी म्हटलं, बाई, आधी उशाशी वाजणारी बेल घे. ट्रॅकर पुढच्या महिन्यात घेतलास तरी चालेल, पण घेण्याआधी रोज रात्री नऊला तो चार्जिंगला कोण लावणार, ते घरात ठरव. आमच्याकडे ते मी करते, अण्णा झोपायला गेले की, त्यांच्या एचएमटीशेजारी, आणि मी झोपायच्या आधी तो परत बंडीच्या खिशात.