चिनी ॲक्युपंक्चर की फिजिओचं ड्राय नीडलिंग? दाजींच्या खांद्यापायी केलेली चौकशी

आमच्या दाजींची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, आणि मांडवाखाली ज्यांनी काम केलंय त्यांना सांगायला नको, छाटणी असो विरळणी असो की डिपिंग, दिवसभर हात वर अन् मान वर. उजवा खांदा तीन महिने झाले धरलाय. गोळी घेतली की दोन दिवस बरं, परत तेच. आता त्यांच्यापुढे दोन पर्याय आहेत. नाशिकला पंचवटीत एकजण नाडी आणि जीभ बघून ॲक्युपंक्चर करतात, आणि कॉलेज रोडला एक फिजिओ मॅडम ड्राय नीडलिंग करतात, म्हणजे औषध न भरता नुसती बारीक सुई स्नायूत टोचतात. दाजी मला म्हणे, "सुई तर दोघांकडं सारखीच दिसली मला, मग फरक कशाचा?" म्हटलं थांबा, बघतो.

तर गंमत अशी की मान आणि खांद्याच्या टोकाच्या मधोमध जो मांसल उंचवटा असतो ना, दाबला की आई गं होतं तो, तिथंच दोघंही सुई टोचायची शक्यता जास्त. चिनी पद्धतीत त्या जागेचं नाव जियानजिंग, म्हणजे खांद्यावरची विहीर, पित्ताशयाच्या वाहिनीवरचा एकविसावा पॉइंट. फिजिओच्या भाषेत तोच ट्रॅपेझियस स्नायूतला ट्रिगर पॉइंट, म्हणजे दाबली की दुखणारी गाठ. जागा एक, पण तिथं का टोचायचं याची कारणं दोन टोकांची.

चिनी बाजू आधी. अंगात ची फिरते (षष्ठीच्या प्रत्ययातली नाही, चिनी ची, आपल्या प्राणासारखं काहीतरी), ती 12 मुख्य वाहिन्यांतून वाहते, कुठं तुंबली की दुखतं, सुईनं वाट मोकळी करायची. साधारण 2000 वर्षांपूर्वीच्या ह्वांगदी नेजिंग या ग्रंथात तर या 12 वाहिन्यांची तुलना थेट चीनमधल्या 12 नद्यांशी केलीय. दाजींना एका वाक्यात पटलं: ठिबकची लॅटरल (झाडांच्या ओळीतली नळी) चोकअप झाली की पुढच्या झाडांना पाणी नाही! आज प्रमाण मानलेले पॉइंट 361 आहेत. पण खरा फरक तपासणीत आहे. दोघांचा खांदा सारखाच दुखत असला तरी एकाला गारठ्यानं धरलाय आणि दुसऱ्याची ची चिंतेनं अडलीय असं निदान होऊ शकतं, मग दोघांचे पॉइंट वेगळे, एखादा तर पार पायावर. म्हणून ते झोप, पोट, घाम, सगळं विचारत बसतात. सुया 20-30 मिनिटं ठेवतात, कधी वरून मोक्साची धुरी देतात (ही वनस्पती आपल्या दवण्याच्या जातकुळीतली).

फिजिओ मॅडम जीभ बघत नाहीत. त्या खांदा हलवून बघतात, कुठल्या कोनात अडतो, स्नायूतली गाठ बोटानं शोधतात, सुई आतबाहेर करतात, स्नायू फटकन उडतो, आणि मग एकदोन दिवस ठणकतं, हे आधी माहीत असलेलं बरं. तसं ट्रिगर पॉइंटचंही सगळं पक्कं आहे असं नाही हां, दोन तपासणाऱ्यांची बोटं दरवेळी एकाच गाठीवर पडत नाहीत.

आता सुईनं दुखणं कमी होत असेल तर कसं, याला विज्ञानाकडं एक नाही बरीच उत्तरं आहेत. कोपर आपटलं की आपण आपसूक चोळतो, त्यानं मज्जारज्जूतच वेदनेचा निरोप थोडा अडतो, ही मेल्झॅक आणि वॉल यांची 1965 ची गेट थिअरी. मग सत्तरच्या दशकात कळलं की शरीर स्वतःच अफूसारखी रसायनं बनवतं, आणि त्यांना रोखणारं नॅलॉक्सोन दिलं की काही प्रयोगांत ॲक्युपंक्चरचा असर उतरतो. बीजिंगच्या हान जिशेंग यांनी सुयांना करंट लावून दाखवलं की 2 हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला दोन झटके) वेगळी रसायनं सुटतात आणि 100 हर्ट्झला वेगळी. 2010 मध्ये उंदरांवर दिसलं की सुई फिरवली की तिथं ॲडेनोसिन वाढतं, ते वेदना दाबतं. वाहिन्या मात्र चिरफाड केल्यावर कुणाला सापडल्या नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते जर्मनीच्या अभ्यासानं, 2007 चा, कंबरदुखीचे 1162 पेशंट. खऱ्या पॉइंटवर सुया घेतलेल्यांपैकी 47.6 टक्के लोकांना सहा महिन्यांनी फरक होता, मुद्दाम चुकीच्या जागी वरवर टोचलेल्यांत 44.2 टक्के, आणि नेहमीची औषधं-व्यायाम घेणाऱ्यांत फक्त 27.4. म्हणजे बघा, टोचून घेणारे दोन्ही गट पुढं, पण कुठं टोचलं यानं फारसा फरक नाही! नाटकातल्या सुऱ्यासारख्या आत सरकणाऱ्या खोट्या सुयासुद्धा निघाल्यात, अशाच चाचण्यांसाठी. चिनीवाल्यांना हे अडचणीचं, कारण त्यांचा सगळा डोलारा पॉइंटवर. आणि नुसतं "विज्ञान विज्ञान" करणाऱ्यांनाही सोपं नाही, कारण झोपवून अर्धा तास शांत ठेवणं, विचारपूस करणं, बरं वाटेल ही आशा, यातला वाटा किती आणि सुईचा किती हे वेगळं काढता येत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं 2016 मध्ये कंबरदुखीला ॲक्युपंक्चर देऊ नका म्हटलं आणि 2021 मध्ये कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यांना विचारात घ्या म्हटलं, तेही उपचार करणाऱ्याचा एकूण वेळ पाच तासांच्या आत बसत असेल तर.

मग माझं मत असं झालं की ची खरी का नर्व्ह खरी यावर निवडूच नका. दाजींचा त्रास हात वर करण्याच्या कामाचा आहे, त्यामुळं आधी खांदा हलवून बघणारं आणि व्यायाम लावून देणारं माणूस पाहिजे, म्हणून मी फिजिओकडं ढकललं. त्याआधी ऑर्थोपेडिककडं एकदा दाखवून घ्यायचं, कारण स्नायूची दोरी तुटली असेल तर कुठलीच सुई ती जोडणार नाही. उलट आमच्या ताईची गोष्ट वेगळी, तिला वारंवार मायग्रेन, गोळ्या सोसत नाहीत, तिथं ॲक्युपंक्चरला बऱ्यापैकी आधार आहे, ती पंचवटीला गेली तर मी अडवणार नाही.

एक मात्र दोघांकडं विचाराच. सुई आपल्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, पेसमेकर असेल, दिवस गेलेले असतील तर आधी सांगायचं. आणि ती जी खांद्यावरची विहीर आहे ना, तिच्या बरोबर खाली फुफ्फुसाचं टोक येतं, सुई सरळ खोल गेली तर फुफ्फुसाला भोक पडू शकतं, क्वचित होतं पण होतं, नंतर दम लागला किंवा छातीत दुखलं तर घरी न बसता हॉस्पिटल गाठायचं. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि कौन्सिल आहे, तेव्हा रजिस्ट्रेशन विचारायला लाजू नका.

दाजींनी एवढं सगळं ऐकलं आणि विचारलं काय, तर छाटणीच्या आधी होईल का. म्हटलं चारपाच सिटिंगमध्ये हात डोक्याच्या वर नीट जायला लागला नाही तर बंद करा, पुढचं पॅकेज घेऊ नका.