काचेच्या दाराचा मिनी फ्रिज, ८ महिन्यांनंतर: गार होतं की नाही ते नंतर, आधी तो लाइट कसा बंद करायचा ते सांगा

किती लिटर, किती कप्पे, कोणता रंग हे सगळं बॉक्सवर छापलेलं असतं, ते मी परत टाइप करत बसत नाही. कॉम्प्रेसर नसलेला, काचेच्या दाराचा, आत निळसर पांढरा लाइट असलेला तो ४८ लिटरचा मिनी फ्रिज प्रत्येक सेलमध्ये दिसतो ना, तोच. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण वॉरंटी अजून चालू आहे आणि भांडणही. गेल्या दिवाळीत साडेआठ हजाराला घेतला, आता जून संपत आलाय, म्हणजे इंदूरची थंडी, उन्हाळा आणि पहिला पाऊस असं सगळं त्याने बघितलंय.

घेतला बियरसाठी. उगाच आईची औषधं ठेवायला वगैरे कारणं देत नाही. १ एप्रिल २०२३ पासून आपल्या मध्य प्रदेशात अहाते, म्हणजे दारूच्या दुकानाला लागून असलेल्या प्यायच्या जागा, बंद झाले, त्याच्या आधी आम्ही चौघं शनिवारी तिथेच उभ्या-उभ्या एकेक बाटली संपवून घरी यायचो. बंद झाल्यावर मंडळी आमच्या सुदामा नगरच्या गच्चीवर यायला लागली, आणि घरातला मोठा फ्रिज आईच्या ताब्यात. दुधाच्या पातेल्याशेजारी बाटली दिसली की ती एक शब्द बोलत नाही, फक्त पातेलं उचलून दुसऱ्या कप्प्यात ठेवते, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट. म्हणून वेगळी चूल मांडली.

पहिले ३ महिने मी खरंच खूश होतो. पार्टीत येईल त्याला दार उघडून दाखवायचो, आत लाइटमध्ये बाटल्या अशा चमकायच्या की जणू सराफ्यातलं दुकान. ६५० मिलीची मोठी बाटली उभी राहत नाही, मधला कप्पा काढावा लागतो नाहीतर तिरकी ठेवावी लागते, पण ठीक आहे, मी तसंही पाइंट, म्हणजे छोट्या बाटल्या, आणि कॅनवर आलो होतो. पंख्याचा घूं-घूं आवाज रात्रभर असतो, त्याचीही सवय होते.

आणि एक गोष्ट मान्य करायला पाहिजे, बियर प्यायला मला या फ्रिजने शिकवलं. आमच्याकडे बियर म्हणजे 'चिल्ड', आणि चिल्ड म्हणजे फ्रीजरमध्ये अर्धा तास. एकदा विसरलो तर बाटली तडकून आईच्या मटारावर सगळा बर्फाचा चुरा, कारण ५ टक्क्याची बियर उणे अडीचच्या आसपास गोठतेच. या फ्रिजला तेवढी ताकदच नाही. मी फिशटँकचा थर्मामीटर आत ठेवलाय, डिसेंबरात ८ दाखवायचा. मी म्हणलं हे काय, कोमट पाजणार का लोकांना.

तेवढ्यात साडूभाऊ म्युनिकहून आले. विमानातून २ लिटरच आणता येतं म्हणून बरोबर अर्ध्या लिटरच्या ४ बाटल्या, दोन गव्हाच्या बियरच्या आणि दोन झेक पिल्सनरच्या, मोज्यांत गुंडाळून. गव्हाची त्याच रात्री उघडली. त्यांनी शिकवलं की ग्लास तिरपा धरून हळूहळू ओतायची, तळाशी दोन बोटं राहिली की बाटली गोल फिरवायची म्हणजे खाली बसलेलं यीस्ट सुटतं, आणि मग तो गढूळ भाग वरून सोडायचा. ग्लास नाकाजवळ नेला आणि चक्क पिकलेलं केळं. त्याच्या मागून लवंग. मी विचारलं यात केळं घालतात का, तर हसायला लागले. केळं नाही आणि लवंगही नाही, हे सगळं त्या यीस्टचं काम, बाकी निम्म्याहून जास्त गव्हाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला गहू, उरलेलं जव, हॉप्स म्हणजे कडवटपणासाठी घालतात ती फुलं, आणि पाणी. तीच दुसरी बाटली मी मुद्दाम आपल्या पद्धतीने फ्रीजरमध्ये घालून मग प्यायली, तर केळं गायब, लवंग गायब, नुसता गार गॅस. जीभ बधिर आणि वासही ग्लासातून वर येत नाही, मग चव कशाची लागणार! ८-९ डिग्रीला ही बियर, सोबत गरम भुट्ट्याचा कीस, वर थोडं लिंबू, याच्यापुढे मला काही नको.

दुसरी आवडती त्याच घराण्यातली, बेल्जियन व्हिट, धणे आणि संत्र्याची साल घातलेली. बेल्जियमच्या हूगार्डन गावात हा प्रकार संपलाच होता, तो १९६६ साली पियर सेलिस नावाच्या माणसाने परत सुरू केला, तो आधी दूधवाला होता म्हणे. धणे म्हणल्यावर आई पहिल्यांदा जरा उत्सुक दिसली.

याचा उलटा परिणाम असा की स्ट्राँग बियर माझ्याकडून सुटली. देशात सगळ्यात जास्त तीच खपते, मीही १५ वर्षं तीच प्यायलो, पण ८ टक्केवाली बियर १० डिग्रीला पिऊन बघा एकदा. बर्फागार असताना जे कळत नाही ते सगळं कळतं, गोडसर स्पिरिटचा घोट. मित्र म्हणतात तू शहाणा झालास. झालो असेन.

आता लाइट.

त्या दोन झेक पिल्सनर मी खास प्रसंगासाठी ठेवल्या होत्या. पिल्सनर म्हणजे आपण आज ज्याला साधी बियर म्हणतो तिची आजी, १८४२ साली झेक लोकांच्या पिल्झेन गावात योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन माणसाने पहिल्यांदा केली, तिथलं मऊ पाणी, फिकट माल्ट आणि साझचे हॉप्स. त्या हॉप्सचा कडवटपणा कडुलिंबासारखा नाही, मेथीच्या कोवळ्या पानासारखा असतो, येतो आणि जीभ स्वच्छ करून जातो, लवंगेच्या शेवेच्या तिखटावर तर अगदी फिट. तर या दोन बाटल्या हिरव्या काचेच्या, मी शोसाठी पुढच्या रांगेत लावल्या, बरोबर लाइटच्या खाली. जवळजवळ ३ महिने. रंगपंचमीला राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून आलो, अंघोळ केली, सगळे जमले, उघडली, आणि वास आला हिंगाच्या डबीत जळकं रबर ठेवल्यासारखा. दुसरीही तशीच. साडूभाऊंना फोन केला, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "उजेडात ठेवली होतीस का?"

मला वाटलं थट्टा करून राहिलेत. पण ते खरं आहे. हॉप्समध्ये जे कडू द्रव्य असतं ते उजेडाने तुटतं, बियरमधलंच बी-२ व्हिटॅमिन त्याला मदत करतं, आणि तुटलेला तुकडा गंधकाशी जुळून असा वास तयार होतो की त्याचा सख्खा भाऊ परदेशातल्या स्कंक नावाच्या प्राण्याच्या फवाऱ्यात असतो. अतिनील आणि निळ्या उजेडाने सगळ्यात जास्त. तपकिरी काच तो बराच अडवते, हिरवी फारसा नाही, पांढरी तर अजिबात नाही, कॅनमध्ये प्रश्नच नाही. आणि हे पांढरे एलईडी असतात ना, त्यांचा मूळ उजेड निळाच असतो, वरून पिवळा थर दिलेला.

तरी माझा विश्वास बसेना, म्हणून प्रयोग केला. जवळच्या दुकानातून एकाच पेटीतले दोन हिरवे पाइंट आणले, एक नईदुनिया पेपरच्या दोन पानांत गुंडाळून रबरबँड लावला, दुसरा तसाच, दोन्ही शेजारी-शेजारी १२ दिवस. मग बायकोने स्वयंपाकघरात स्टीलच्या दोन पेल्यांत ओतून आणले, कुठला कुठला ते मला आणि आमच्या बँकेतल्या मित्राला माहीत नव्हतं. तो पहिला पेला नुसता हुंगून म्हणाला, "ये वाली तो गई भिया." बिनकागदाची होती.

म्हणजे बियर ठेवण्यासाठी म्हणून जाहिरात केलेला फ्रिज बियर नासवतो, आणि त्या लाइटला बटन नाही! दार बंद केलं तरी चालू, उघडलं तरी चालू, रात्री ३ वाजता कोणी बघत नसताना चालू. घरातल्या मोठ्या फ्रिजचा दिवा दार लावलं की विझतो, ही अक्कल ज्याला पहिल्यांदा आली त्याच्या पाया पडायला पाहिजे. १० रुपयाचा स्विच, १० रुपयाचा!

तक्रार टाकली. पहिल्यांदा कोणी आलंच नाही, मेसेज आला की घर बंद होतं, आणि आई दिवसभर ओट्यावर बसून वाल सोलत होती. दुसऱ्या खेपेला मुलगा आला, चांगला होता बिचारा, चहा घेतला, फ्रिज बघितला आणि म्हणाला, "सर, लाइट तो फीचर है, उसी से तो शो आता है." मी म्हणलं वायर काढून दे. म्हणाला मागचं स्टिकर फाटेल, वॉरंटी जाईल. कस्टमर केअरला १५ मिनिटं हॉप्स समजावले, तिकडून उत्तर, "उत्पादनात दोष आढळला नाही."

मधल्या काळात घरात वेगळाच तमाशा. या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो, १८३४ साली पेल्टिए नावाच्या फ्रेंच माणसाने शोधलेली युक्ती असते, वीज सोडली की पट्टीची एक बाजू गार आणि दुसरी गरम, आणि पंखा ती गरमी बाहेर फेकत बसतो. दिसायला छोटा, पण जवळजवळ थांबतच नाही. ६५ वॅट, २४ तास, महिन्याचे ४७ युनिट. आमचं घर थंडीत १२०च्या आसपास राहायचं, १५०च्या आत राहिलं की सरकारच्या गृहज्योती सवलत योजनेत पहिले १०० युनिट १०० रुपयांत पडायचे. या पठ्ठ्याने आम्हाला १६३वर नेलं. सूट गेली, बिल चार आकडी. बायकोने सगळ्या महिन्यांची बिलं माझ्यासमोर मांडली आणि विचारलं, "अहो, तो लाइट किती वॅटचा आहे?" म्हणलं असेल दोन-एक. "मग भांडताय कशावर?"

तिचा मुद्दा बरोबर आहे. पण वीज मला माहीत असती तरी मी कदाचित फ्रिज घेतलाच असता. लाइटचं माहीत असतं तर नसता घेतला.

मे महिन्यात तर त्याने हातच टेकले. हे मशीन खोलीपेक्षा १८-२० डिग्रीच खाली जाऊ शकतं, खोली ३८ तर आत १९, म्हणजे माठातलं पाणी बरं. तिसऱ्यांदा बोलावल्यावर तोच मुलगा आला आणि माहितीपत्रकातली बारीक ओळ दाखवली की खोली २५ची पाहिजे. म्हणलं, "अरे भिया, रूम पच्चीस की होती तो फ्रिज कायको लेता?" तोही हसला, पण फॉर्मवर 'समाधानी' लिहून सही मागत होता. केली नाही.

एवढ्यावर १ स्टार देऊन मोकळा होणार होतो, अर्धं लिहूनही झालं होतं, पण पाऊस आला. खोली २८ला आली, आत ११. आणि त्याच आठवड्यात गोव्याहून एका मित्राने गिनेस या काळ्या आयरिश बियरचा कॅन आणला. हलवला तर आत गोटी वाजते, मला वाटलं काहीतरी तुटलं. ती मुद्दाम टाकलेली असते, कॅन उघडला की तिच्यातून नायट्रोजन सुटतो आणि साईसारखा फेस चढतो. जरा जास्तच चढला, टेबलावरही थोडा सांडला, कारण कॅन कंपनीच्या म्हणण्यापेक्षा कमी गार होता. पण चव! भाजलेल्या जवाची, बिनसाखरेच्या फिल्टर कॉफीसारखी, आणि ४ टक्क्यांच्या वरच जरा, म्हणजे दिसते तेवढी जड नाहीच. ही काढणाऱ्या आर्थर गिनेसने १७५९ साली डब्लिनची जागा ९,००० वर्षांच्या करारावर घेतली होती, वर्षाला ४५ पौंड भाडं. असं व्यवहारज्ञान असलेल्या माणसाची बियर मला आवडणारच होती. फ्रीजरमधून काढली असती तर यातलं काहीच लागलं नसतं. म्हणून ३ स्टार. ऑक्टोबर ते मार्च ४, एप्रिल-मे शून्य, सरासरी तुम्ही काढा.

घेणारच असाल तर कॅन किंवा तपकिरी बाटल्याच ठेवा, दुकानात उन्हात मांडलेली बाटली घेऊ नका, पेटीतली मागा आणि तारीख बघा. बियरवाल्यांचा एक ठोकताळा आहे, ३२ डिग्रीला ३ दिवस, २२ला ३० दिवस आणि ३ डिग्रीला ३०० दिवस, तिन्हींत बियर सारखीच म्हातारी होते. आपल्या मे महिन्यातल्या गोडाउनचा विचार करा आणि मग चवीला नावं ठेवा.

सध्या काचेवर आईच्या जुन्या माहेश्वरी साडीचा तुकडा टेपने लावलाय. आतून उजेड, वर जरीचा पडदा, आई त्याला 'तुझा देव्हारा' म्हणते. तिने खालच्या कप्प्यात पूजेचा मोगरा ठेवायला सुरुवात केलीय, ११ डिग्रीला ३-३ दिवस टिकतो, त्यामुळे आता फ्रिज विकायचा विषय काढता येत नाही. वॉरंटी दिवाळीला संपते. सियागंजातून ४० रुपयाचा वायर कटर आणून ठेवलाय, फ्रिजच्याच वर.